खोली स्वस्त, जेवण महाग



आमच्या घरात ट्रेकरची व्याख्या ठरलेली होती. जो गुहेत झोपतो, टाक्यातलं पाणी गाळून पितो आणि परत आल्यावर दोन दिवस जिना उतरताना कठडा सोडत नाही, तो ट्रेकर. मी स्वतः हरिश्चंद्रगडावर गणेशगुहेत डिसेंबरची रात्र काढलेली आहे, स्वेटरच्या आत वर्तमानपत्राचे कागद खुपसून. त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी, दोन्ही गुडघे कुरकुरायला लागल्यावर, जाऊबाई आणि मी नेपाळमध्ये लॉजवर मुक्काम करत सहा दिवस चालायचं ठरवलं, तेव्हा भाचा म्हणाला, “मावशी, याला ट्रेक नाही म्हणत. ही यात्रा कंपनीची सहल झाली.” तेव्हा मी गप्प बसले. आज बोलते, कारण तो रेडिओ ऐकत नाही.

वाट अन्नपूर्णेच्या पायथ्याची. पोखऱ्याहून जीपने निघायचं, बिरेठांटी, तिखेढुंगा, मग उल्लेरीचा चढ. या चढाला तीन हजारांवर दगडी पायऱ्या आहेत. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. ती उंची तिखेढुंगा सोडून थोडं वर चढलं की पार होते, आणि तोवर चढ सुरू झालाय कुठे! घोरेपानी 2,860 मीटरवर. त्याच्या डोक्यावर पुन हिल, 3,210 मीटर. तिथून तडापानीवरून घांद्रुकला उतरायचं. आता उल्लेरीपर्यंत जीप जाते, पण आम्ही पायऱ्या चढलो. भाच्याला सांगायला काहीतरी हवं ना.

पहिल्याच रात्री आमची फजिती झाली. लॉज म्हणजे दुमजली घर. खाली जेवणघर, वर प्लायवूडच्या भिंतींच्या खोल्या, इतक्या पातळ की पलीकडच्या माणसाने कूस बदलली तरी आपल्याला कळावं. खोलीचं भाडं ऐकून जाऊबाई खूश झाल्या. संध्याकाळी जेवणघरात बसल्यावर त्यांनी डबा काढला: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, वर चिवड्याची पिशवी. मालकीणबाई, तिथे सगळे त्यांना ‘दिदी’ म्हणतात, मेनूकार्ड घेऊन आल्या. आम्ही म्हटलं, फक्त दोन चहा. त्या हसून गेल्या. थोड्या वेळाने पुन्हा आल्या. आम्ही पुन्हा, फक्त चहा. तिसऱ्यांदा मात्र आल्या नाहीत. चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग आमच्या वाटाड्याने मला बाहेर बोलावलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, “मॅडम, इथे झोपायचे पैसे नसतात. जेवायचे असतात.”

हे वाक्य मला नीट समजायला पुढचे चार दिवस लागले.

या डोंगरात लॉज आली ती साहेबांच्या हौसेपायी, असा माझा समज होता. अर्धा खरा आहे. जिमी रॉबर्ट्स नावाच्या निवृत्त गुरखा अधिकाऱ्याने 1964 मध्ये काठमांडूत पहिली ट्रेकिंग कंपनी काढली. पण ते काम तंबूंचं होतं. तंबू, स्वयंपाकी, टेबलं, खुर्च्या, सगळा लवाजमा हमालांच्या पाठीवर. लॉजचं मूळ त्याहून जुनं, आणि ते काली गंडकीच्या खोऱ्यात आहे. तिबेटातलं मीठ खाली यायचं, खालचं धान्य वर जायचं. त्या वाटेवर थकाली समाजातल्या बायका भट्ट्या चालवायच्या. आपल्याकडे भट्टी म्हटलं की भलतंच डोळ्यांसमोर येतं. तिथली भट्टी म्हणजे वाटेवरची खानावळ. मिठाचा व्यापारी संध्याकाळी येणार, भात-डाळ खाणार, त्याचे पैसे देणार आणि चुलीजवळ अंग टाकणार. झोपण्याचं मोल कोण घेतो? पुढे तिबेटची सीमा बंद झाली, मिठाची वाट सुकली, आणि त्याच चुलींसमोर पाठीवर पिशव्या घेतलेले परदेशी तरुण येऊन बसायला लागले. खोल्या बांधल्या गेल्या, खाटा आल्या, हिशोब मात्र भट्टीचाच राहिला. खोली नावापुरत्या पैशांत. घर चालतं ते तुम्ही काय जेवलात त्यावर.

दुसऱ्या दिवसापासून डबा बंद. आम्ही डाळ-भात मागवायला लागलो. एक शहाणपण सांगून ठेवते. मेनूकार्डावर पिझ्झा असतो, नूडल्स असतात, सफरचंदाचा पाय नावाचा पदार्थ असतो. पण पुन्हा पुन्हा वाढतात तो फक्त डाळ-भात. भाताचा डोंगर, पातळ डाळ, राईची पालेभाजी, लोणचं, पापड, आणि कधी गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची आंबटसर भाजी. डाळीला जिंबूची फोडणी. जिंबू म्हणजे वाळवलेली डोंगरी पात, कांद्या-लसणाच्या मधला वास. ऑर्डर मात्र दोन तास आधी द्यावी लागते, वहीत लिहून. एका चुलीवर वीस जणांचं वेगवेगळं शिजवायचं असतं. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं आणि भूक आपल्यापुढे दोन तास, असं जाऊबाई म्हणायच्या.

जसजसं वर जावं तसा त्याच डाळ-भाताचा भाव चढतो. यात लूट नाही. घोरेपानीच्या वाटेवर गळ्यात घंटा बांधलेल्या खेचरांच्या रांगा भेटतात. एकेकाच्या पाठीवर दोन गॅस सिलिंडर, नाहीतर तांदळाची पोती. अन्नपूर्णा बेस कँपच्या वाटेवर पुढे गेलं की खेचरंही थांबतात आणि माणूस सुरू होतो. पाठीवर डोको, म्हणजे बांबूची निमुळती टोपली. कपाळावरून नाम्लो, तिचा पट्टा. हातात इंग्रजी टी अक्षरासारखी आखूड काठी. दम लागला की ती काठी टोपलीखाली टेकवायची, भार तिच्यावर सोडायचा, तोंडाने शीळ घालत श्वास सोडायचा आणि उभ्या उभ्याच विसावायचं. खाली बसायचं नाही. बसलं तर उठवायला दुसरा माणूस लागतो.

ते पाहिल्यावर मला माझ्या बॅगेची लाज वाटली. आमचं सामान एक पोरगा वाहत होता, मुलाच्या वयाचा. आम्ही दोघींच्या सामानाचं मिळून वजन काट्यावर केलं होतं, बावीस किलो, आणि नियमात बसतं म्हणून निश्चिंत होतो. त्यात माझी दोन पुस्तकं होती, एकही उघडलं नव्हतं. जाऊबाईंची इस्त्री केलेली साडी होती. का, ते विचारू नका. तडापानीला आम्ही बॅग रिकामी केली आणि पुस्तकं माझ्या पाठपिशवीत आली.

आता आरामाबद्दल. घोरेपानीच्या लॉजमध्ये ऊब असते ती फक्त जेवणघरात. मधोमध लोखंडी पिंपाची शेगडी, वर दोऱ्यांवर वीस देशांचे मोजे वाळत. खोलीत मात्र श्वासाची वाफ दिसते. जाड रजया दोन घ्याव्यात, मागितल्यावर देतात. गरम पाणी येतं ते पाहून मला कौतुक वाटलं. चुलीच्या पाठीमागून पाण्याचा नळ फिरवलेला असतो. जेवण शिजताना पाणी आपोआप तापतं आणि वरच्या टाकीत जमतं. वेगळं लाकूड जाळायचं नाही. 1986 पासून इथे अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा कारभार आहे. जंगल वाचवण्यासाठी अशा चुली आणि रॉकेलचा वापर त्यांनी रुजवला. घोरेपानीभोवतीचं गुराँसचं जंगल, लाल फुलांचं, आज उभं आहे ते पाहताना या नळाची आठवण ठेवावी.

पुन हिलवरच्या सूर्योदयाबद्दल मी बोलणार नाही. धौलागिरी होता, अन्नपूर्णा होती, माणसं त्याहून जास्त होती.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. गादी मऊ मिळाली म्हणून डोंगराची उंची कमी होत नाही. अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर वर चढायचं नाही. थांबायचं, आणि वाढलं तर उतरायचं. याच अन्नपूर्णेच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर, 5,416 मीटरच्या थोरांग घाटाजवळ आणि आसपासच्या डोंगरांत, ऑक्टोबर 2014 मध्ये हिमवादळात 40 हून अधिक माणसं गेली. तीही वाट लॉजचीच. पुढच्या मुक्कामाची खाट ठरलेली असली की पाय थांबायला तयार होत नाहीत, हा लॉजच्या ट्रेकमधला खरा धोका आहे.

शेवटचे दोन दिवस घांद्रुकला. हे गुरुंग लोकांचं गाव. दगडी अंगणं, पाटीच्या दगडांची छपरं, आणि मान वर केली की मच्छापुच्छ्रेचं शिखर. त्याच्यावर चढायला परवानगी नाही. घांद्रुकमध्ये आता जोडून न्हाणीघर, बिछान्यात गरम पाण्याची पिशवी, असली महागडी लॉजही आहेत. आम्ही उतरलो ते घर एका निवृत्त जवानाचं होतं. पंधरा वर्षं आपल्या गोरखा रायफल्समध्ये काढलेली, हिंदी खणखणीत. आपल्या सैन्याचं पेन्शन वाटणारं कार्यालय पोखऱ्यात आहे, तिथून येणाऱ्या पैशांतून त्यांनी वरचा मजला चढवला होता. ते अंगणात बसून जाऊबाईंना बदलीची गावं सांगत होते आणि जाऊबाई त्यांना, त्यातल्या कुठल्या गावात आपलं कोण राहतं ते.

निघायच्या सकाळी त्यांच्या बायकोने वही उघडली. चार डाळ-भात, सात चहा, दोन वेळा नाश्ता, एक बादली गरम पाणी. जाऊबाईंनी नेपाळी रुपयांना एक पूर्णांक सहाने भागून आपला आकडा काढला, दोनदा तपासला आणि म्हणाल्या, “दिदी, खोलीचे लिहायचे राहिले.”

त्या म्हणाल्या, “खाना तो यहीं खाया ना.”

जाऊबाईंनी पिशवीतून चिवडा काढला. पहिल्या रात्रीपासून तसाच बांधलेला होता. तो त्यांनी वहीशेजारी ठेवला. दिदींनी गाठ सोडून वास घेतला, एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि पिशवी घेऊन आत चुलीकडे गेल्या.