मोबाईलमधली साक्ष



गेल्या वर्षी पावसाळ्यात शिवणकाम करणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या. एका दुकानदाराला त्यांनी शाळेचे गणवेश शिवून दिले होते आणि शिलाईचे 60,000 रुपये अडकले होते. करार नाही, पावती नाही, सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर. त्यांनी पिशवीतून आठ-दहा कागद काढले. स्क्रीनशॉट छापून आणले होते. प्रत्येक कागदावर वर नाव होतं, ‘दादा’. आणि एका कागदावर या दादांचं उत्तर होतं, ‘एवढं चिडू नका ताई. दिवाळी झाली की सगळा हिशेब मिटवतो.’

देणं कबूल करणारं इतकं स्वच्छ वाक्य वकिलाच्या हाती क्वचित लागतं. तरी मी तो कागद पुन्हा वाचला. ताई चिडल्या कुठे होत्या? त्याआधीच्या त्यांच्या संदेशात तर नुसता नमस्कार होता. विचारल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “रागाच्या भरात लिहून गेले होते, की उरलेले दोन डझन शर्ट आता देणार नाही. कोर्टात बरं दिसणार नाही, म्हणून ते दोन मेसेज काल काढून टाकले.”

ते संदेश ताईंच्या फोनमधून गेले. दुकानदाराच्या फोनमध्ये ते तसेच असणार. उद्या त्याने ते न्यायालयात ठेवले, तर पहिला प्रश्न येईल, ‘आणखी काय काय काढलंत?’ मग खऱ्या संदेशांवरही संशयाची सावली पडेल. शिवाय, ‘एवढं चिडू नका’ या वाक्याला अर्थ होता तो त्या रागावलेल्या संदेशांमुळेच. ताईंनी जे पुसलं, त्याच्याच आधारावर त्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा उभा होता.

आपल्याकडे दुकानदार हिशेबासाठी न्यायालयात जातो तेव्हा अख्खी खतावणी घेऊन जातो. सोयीचं एक पान फाडून नेलं, तर त्या पानावर कुणी विश्वास ठेवत नाही. मोबाईलवरचा संवादही तसाच. संपूर्ण असेल तरच तो पुरावा म्हणून टिकतो.

1 जुलै 2024 पासून 1872 च्या जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. मोबाईलमधला संदेश हाही दस्तऐवज, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मात्र त्याची छापील किंवा दुसरीकडे उतरवून घेतलेली प्रत द्यायची, तर कलम 63 प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत. पहिला आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फोन कोणत्या कंपनीचा, कोणतं मॉडेल, रंग कोणता, आयएमईआय क्रमांक काय, हे त्यात लिहावं लागतं. आणि लिहावं लागतं हॅश मूल्य. संगणक एखाद्या फाइलवरून गणित करून अक्षरांची आणि आकड्यांची एक ओळ काढतो, ते हे मूल्य. फाइलमधला एक अनुस्वार जरी बदलला, तरी ती ओळ पार बदलते. म्हणजे त्या दिवसानंतर फाइलला कुणी हात लावला की नाही, हे पडताळता येतं.

असं प्रमाणपत्र जुन्या कायद्यातही लागायचं. ते किती महत्त्वाचं, हे आपल्या जालन्याच्या एका खटल्याने देशाला सांगितलं. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत तिथे 296 मतांनी निकाल लागला. विजयी उमेदवाराचा अर्ज दुपारी 3 ची मुदत टळल्यावर आला, असा आक्षेप होता आणि त्यासाठी निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण पुढे आलं. त्याचं प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळालं नव्हतं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या प्रकरणात 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी पक्क्या केल्या. प्रत देणार असाल, तर प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर त्याची गरज नाही. आणि उपकरण दुसऱ्याच्या ताब्यात असून तो प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं.

यातून सामान्य माणसाने घ्यायचं ते एवढंच, की तुमचा फोन हा अस्सल दस्तऐवज आहे. वाद होणार असं वाटलं, की तो विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका, रिसेट करू नका. संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल, तर त्याच दिवशी बंद करा. पैशांच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते आणि साक्षीची पाळी त्याहून उशिरा येते. एवढ्या काळात आपण सहज फोन बदलतो. ‘कंपनीकडून मागवू’ या भरवशावर राहू नका. पोहोचलेले संदेश व्हॉट्सॲप आपल्या सर्व्हरवर साठवून ठेवत नाही.

मग त्या संवादातली ‘एक्स्पोर्ट’ची सोय वापरून पूर्ण संवाद फोटो आणि आवाजी संदेशांसकट बाहेर काढा. तारीख, वेळ लिहून ठेवा. या फाइलमध्ये समोरच्याचा नंबर दिसतोच असं नाही. तुम्ही जतन केलेलं नाव येतं. ताईंच्या फाइलमध्ये पानोपानी ‘दादा’ होतं. हा दादा कोण, हे न्यायाधीशांना कसं कळणार? म्हणून त्या नावामागचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट वेगळा घ्या. रोमन लिपीत लिहिलेलं मराठी जसंच्या तसं ठेवा, शेजारी देवनागरीत उतरवा. शुद्धलेखन सुधारू नका. आवाजी संदेश शब्दशः लिहून काढा आणि मूळ ध्वनी जपा. दुसऱ्याचा फोन मात्र चोरून उघडू नका. त्यातून नवीच भानगड उभी राहते.

ताईंच्या दाव्यात आम्ही प्रतिज्ञापत्रातच लिहिलं, की दोन संदेश रागात लिहिले होते, भीतीपोटी पुसले, आणि त्यांचा मजकूर साधारण असा होता. लिहिताना ताईंचा हात अडखळला. “हे आपण होऊन सांगायचं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “दुकानदाराने सांगितलं तर ती लबाडी ठरेल. तुम्ही सांगितलंत तर ती चूक ठरेल.” त्यांनी सही केली.

दावा अजून चालू आहे. त्यांच्या मुलाला तो फोन देऊन नवा घ्यायचा होता, ते राहिलं. काच तडकलेला तो फोन आता शिलाई मशीनच्या खणात, कापडात गुंडाळून ठेवलेला असतो. दर रविवारी ताई तो आठवणीने चार्ज करतात आणि परत खणात ठेवतात. त्यातला संवाद त्या आता उघडूनही पाहत नाहीत.