पोलादाच्या पोटातील ताण



या महोत्सवात शास्त्रातील एखादा विषय सोपा करून सांगावा, अशी विश्वस्तांची आम्हांस आज्ञा झाली. ती शिरसावंद्य मानून आम्ही एका जहाजाच्या हकिगतीने आरंभ करतो.

16 जानेवारी 1943 च्या रात्री अमेरिकेतील पोर्टलंड येथे धक्क्यास बांधलेले ‘स्केनेक्टडी’ हे कोरे तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन मधोमध मोडले. वादळ नव्हते, टक्कर नव्हती, पाणी शांत होते. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद आणि सदोष वेल्डिंग यांच्या जोडीला संशय आला तो धातूत कोंडून राहिलेल्या ताणाचा.

बाहेरून ओझे नसता ताण राहतो कसा? लहानपणी लोहाराच्या दारी उभे राहून आम्ही चाकावर धाव चढवताना पाहिली आहे. तापलेल्या धावेवर पाणी पडले की ती आकसू लागते. लाकूड तिला पुरती आकसू देत नाही. ती जन्मभर ताणलेलीच राहते आणि चाक आवळून धरते. वेल्डिंगच्या सांध्यातही निवणाऱ्या भागाला शेजारचा थंड धातू असाच अडवतो. मात्र धावेचा ताण कामाचा, तर सांध्यातला भेग वाढवणारा.

तो मोजावा कसा? कापून पाहिले तर ताण कळतो, पण वस्तू हातची जाते. प्रयोगशाळेतील नेहमीचे क्ष-किरण पोलादाच्या वरच्या पापुद्र्यापलीकडे पोचत नाहीत. चॅडविक यांनी 1932 साली शोधलेल्या न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, म्हणून तो कित्येक सेंटिमीटर आत जातो. अणूंच्या थरांवरून तो कोणत्या कोनात वळतो हे पाहिले, की ब्रॅग यांच्या नियमाने थरांमधील अंतर निघते. त्याच पोलादाच्या ताणमुक्त तुकड्यातील अंतराशी ते ताडून पाहावयाचे. एकाच दिशेने ओढलेल्या पोलादात हे अंतर हजारात एक भाग वाढले, तर दर चौरस मिलिमीटरवर सुमारे 20 किलो वजनाची ओढ समजावी.

फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे व इंग्लंडच्या रदरफर्ड ॲपल्टन प्रयोगशाळेत यासाठी खास यंत्रे आहेत. प्रत्येक सांधा तेथे नेणे अशक्य. म्हणून नमुने मोजून इंजिनियरांचे गणित पारखतात आणि त्या गणितावर पुढचे काम चालते. ज्या रुळांवरून आपली लेकरे प्रवास करतात, त्यांच्या पोटात काय कोंडले आहे हे मोडण्याआधी कळावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.