औंध परिसरातील पाणी आणि वाटा



प्राथमिक वर्गांना जिल्ह्याचा भूगोल शिकविताना निळ्या रेघा नद्यांच्या आणि तांबड्या रेघा रस्त्यांच्या, एवढे सांगून पुष्कळदा धडा आटोपतो. मुले त्या रेघा गिरवितात, नावे पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. परंतु पाणी जिकडे उतरते तिकडे रस्ता का जात नाही, आणि माणसे ह्या दोहोंपैकी कोणाच्या मागे जातात, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. औंध आणि त्याच्या भोवतीचा मुलूख, म्हणजे सातारा जिल्ह्यातील खटाव व माण आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी व खानापूर हे तालुके, ह्या प्रश्नाच्या अभ्यासास फार सोयीचे आहेत. तेथे ह्या प्रश्नाचे उत्तर अखेरीस शाळेच्या हजेरीपटावर उतरलेले दिसते.

प्रथम पाण्याकडे पाहू जावे. महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे 6000 मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या दहिवडीस जेमतेम 500 मिलिमीटर पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिते होतात आणि पुढे जे येतात ते बहुतेक सावली देऊन निघून जातात. ह्या तुटपुंज्या पावसाचीही पुन्हा वाटणी होते. सह्याद्रीपासून फुटून पूर्वेकडे गेलेल्या महादेव डोंगराचे फाटे दक्षिणेस उतरले आहेत. वर्धनगडाच्या फाट्याच्या पश्चिमेस पडलेले पाणी कोरेगाव, रहिमतपूरच्या बाजूने कृष्णेस मिळते. त्याच्या पूर्वेस येरळा आहे. ती खटाव तालुक्याच्या उत्तर टोकास उगम पावते, वडूजवरून दक्षिणेस वाहते आणि ब्रह्मनाळ येथे कृष्णेत शिरते. औंधचे ओढे ह्याच येरळेचे होत. आणखी पूर्वेचा फाटा ओलांडला की माणगंगेचे खोरे लागते. कुळकजाईच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी दहिवडी, म्हसवड करीत आटपाडी व सांगोला तालुक्यांतून जाते आणि पंढरपूरच्या खाली सरकोलीजवळ भीमेस मिळते. येरळा आणि माण ह्यांचे उगम एकमेकींपासून फार लांब नाहीत. पण त्यांच्या पाण्याची गाठ पडते ती पार कर्नाटकात, रायचूरच्या उत्तरेस, भीमा कृष्णेला मिळते तेव्हा.

मुलांना हे समजाविण्यास नकाशाची गरज नाही. शाळेचे छप्पर कौलारू असेल तर आढ्याच्या दोन्ही बाजूंना पन्हळी दाखवावी. आढ्याच्या अलीकडे पडलेला थेंब पुढच्या अंगणात येतो, पलीकडचा परसात जातो. डोंगराची धार म्हणजे मुलखाचे आढे, आणि पाणलोट म्हणजे छपराचा एक उतार. आपल्या गावचा ओढा येरळेच्या उतारावर आहे की माणच्या, हे ज्या मुलाला सांगता आले त्याला पाणलोट हा शब्द पुन्हा शिकवावा लागत नाही.

ह्याच ज्ञानाचा एक उपयोग जिवाशी संबंधित आहे. कित्येक वाड्यांवरील मुले ओढ्यावरच्या फरशीवरून शाळेत येतात. वळवाच्या दिवसांत गावात ऊन असते, आणि डोंगराकडे मात्र तासाभरापूर्वी सर कोसळलेली असते. ते पाणी उघड्या, झाडी नसलेल्या उतारावरून न मुरता धावते आणि कोरड्या फरशीवर अचानक चढते. पाणी गुडघ्याएवढे दिसले तरी त्याच्या ओढीने मोठ्या माणसाचाही पाय सुटतो. आपला ओढा कोणत्या धारेवरून येतो आणि तिकडे आभाळ काळे असेल तर फरशीवर पाऊल घालू नये, ही गोष्ट परिपाठात सांगण्यासारखी आहे. पाणी ओसरेपर्यंत मुलांना शाळेतच बसवून ठेवणे हाही शिक्षकाच्या कामाचाच भाग समजावा.

आता वाटा. येरळा दक्षिणेस जाते, पण ह्या मुलखातील जुन्या मोठ्या वाटा पूर्वपश्चिम आहेत, कारण माणसांना घाटमाथ्याकडून पंढरपुराकडे जायचे होते. साताऱ्याहून कोरेगाव, वर्धनगड, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड असा जाणारा पंढरपूर रस्ता एका आढ्यावर चढतो, येरळेच्या खोऱ्यात उतरतो, पुन्हा दुसरे आढे चढतो, आणि मग कोठे माणगंगेच्या सोबतीने चालू लागतो. वर्धनगडाचा किल्ला ह्या वाटेवर उगीच उभा नाही. खिंडीवर ज्याची नजर, त्याची सत्ता. शिखर शिंगणापूरची वाट तर ह्याहून बोलकी आहे. चैत्रात सासवडकडून येणारी मानाची कावड फलटणच्या बाजूने मुंगी घाटाचा उभा कडा चढते आणि शंभुमहादेवास पाण्याचा अभिषेक होतो. ज्या डोंगरावर पाणी दुर्मिळ, तेथील देवाला माणसांनी खांद्यावरून पाणीच आणून वाहावे, ह्यात ह्या मुलखाचा अर्धा इतिहास आला.

औंध संस्थानाचा नकाशा पाहिला तर रस्त्यांची अडचण एका दृष्टिक्षेपात कळते. संस्थान सुमारे 500 चौरस मैलांचे आणि 72 गावांचे, पण एकसंध नव्हते. औंध एकीकडे, आटपाडी दूर पूर्वेस, कुंडल दक्षिणेस, आणि गुणदाळ तर थेट विजापूरच्या बाजूला. मधला मुलूख परक्या हद्दीचा. राजधानीहून आटपाडीस निघालेल्या मामलेदारास वाटेत दुसऱ्याचे राज्य ओलांडावे लागे. रस्ता बांधायचा तर आपल्या हद्दीपुरता. पुढचा दुसऱ्याच्या मर्जीवर. पुणे-मिरज लोहमार्ग झाला तोही औंध बाजूला टाकून, रहिमतपूरवरून गेला. संस्थानाची जमीन लोहमार्गाशी जेथे भिडली होती ते ठिकाण म्हणजे कुंडल. बेळगावहून कारखाना हलविण्याची पाळी आलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधींनी 1910 मध्ये तेथे जागा दिली. माळरान होते, निवडुंग होता, पण कुंडल रोड स्टेशन जवळ होते. किर्लोस्करवाडी वसली, आणि तेथील लोखंडी नांगर ह्याच लोहमार्गाने बाहेर गेले. राजधानीस जे लाभले नाही ते एका दूरच्या माळास केवळ वाटेमुळे लाभले.

भवानरावांनी 1938 मध्ये प्रजेला राज्यकारभार सोपविण्याची घोषणा केली, आणि 1939 मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना अमलात आली. आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन ह्यांचा त्यात मोठा वाटा होता. गावोगाव निवडलेल्या पंचायती आल्या, आणि विहीर, शाळा, रस्ता ह्यांचा विचार गावाच्या चावडीत होऊ लागला. त्या काळच्या संस्थानी खेड्यातील शिक्षक कसा असे, हे व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ ह्या 1955 च्या कादंबरीतून कळते. धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर पायवाटेने एकटा चालत जातो. पुढे वाडीकर अंगमेहनतीने तालीम बांधतात. आणि शेवटी दुष्काळ वाडी रिकामी करतो. ज्या शिक्षकांनी ती वाचलेली नाही त्यांनी अवश्य वाचावी. ती धनगरांची जितकी आहे तितकीच एका मास्तराची आहे.

8 मार्च 1948 रोजी संस्थान विलीन झाले. 1949 मध्ये साताऱ्याचे उत्तर व दक्षिण असे दोन जिल्हे झाले, आणि दक्षिण साताऱ्यास 1960 मध्ये सांगली हे नाव मिळाले. औंध साताऱ्यात राहिले, आटपाडी सांगलीत गेली. जुन्या हद्दी पुसल्या तरी नव्या पडल्या. त्यामुळे माणगंगेचा वरचा भाग साताऱ्याच्या नकाशात, मधला सांगलीच्या आणि खालचा सोलापूरच्या. कोणत्याही एका जिल्ह्याच्या पाठ्यपुस्तकात ती नदी सबंध दिसत नाही. तिन्ही जिल्ह्यांचे नकाशे जमिनीवर जोडून मांडल्यास मुलांना पहिल्यांदा नदी दिसेल.

ह्यापुढचा भाग दुष्काळाचा आहे, आणि येथे थोडे थांबले पाहिजे. ह्या तालुक्यांतील कितीतरी रस्ते गाड्यांच्या सोयीसाठी जन्मलेच नाहीत. ते भुकेतून जन्मले. 1876-77 च्या दुष्काळात सरकारने लोकांना काम म्हणून रस्ते आणि तलाव काढले. माणगंगेवरील म्हसवडचा, म्हणजे राजेवाडीचा, प्रचंड तलाव त्याच दुष्काळी कामातून उभा राहिला. त्याच्या कालव्याचे पाणी मात्र खाली सोलापूर जिल्ह्याच्या बाजूस गेले. शंभर वर्षांनी, 1972 च्या दुष्काळात, तेच पुन्हा झाले. गावेच्या गावे खडी फोडण्यास बसली. मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. शाळेचा हजेरीपट कोरा पडला आणि मुकादमाचा भरला, असे त्या वर्षाचे वर्णन केल्यास वावगे होणार नाही. मागेल त्यास काम ही रोजगार हमीची कल्पना ह्याच भागात रुजली. वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातील विसापूरचे. 1969 मध्ये त्यांच्याच तालुक्यात तिचा प्रयोग झाला, 1977 मध्ये राज्याचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पुढे 2005 मध्ये साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला.

योजना थोर होती, ह्यात संशय नाही. तिने माणसे जगविली. पण फोडलेल्या खडीचे काय झाले? खडीचा रस्ता झाला, आणि रस्त्यावरून माणसे गाव सोडून गेली. माण-खटावची माणसे मुंबईच्या बाजारपेठांत माथाडी झाली, गिरण्यांत गेली. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यात देशभर पांगली. ज्यांना तेही जमले नाही ती कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जाऊ लागली आणि मुलांना सोबत घेऊन गेली. ह्यात रस्त्याचा दोष नाही. वाट दोन्ही दिशांना जाते. माणूस कोणत्या दिशेने चालेल हे पाणी ठरविते.

हे प्रथम ज्यांनी मोठ्याने म्हटले त्यांत खानापूर तालुक्यातील गिरणी कामगार होते. 1982 च्या संपात मुंबईहून गावी परतल्यावर त्यांना दुष्काळ भेटला आणि खडी फोडण्याचे तेच काम भेटले. त्यांच्यातून उभ्या राहिलेल्या मुक्ती संघर्ष चळवळीची मागणी साधी होती: काम द्याच, पण दुष्काळ हटेल असे द्या. येरळेतील वाळू तेव्हा ठेकेदारांच्या गाड्यांतून जात होती. वाळू म्हणजे नदीचा रांजण. ती पाणी धरून ठेवते, आणि ती गेली की काठच्या विहिरी खाली जातात. बलवडी आणि तांदुळवाडी ह्या गावांनी ठरविले की थोडी वाळू गावानेच विकावी आणि त्या पैशाने धरण बांधावे. वाळूचे पैसे, लोकांच्या देणग्या आणि श्रमदान ह्यांतून 1980 च्या दशकाच्या अखेरीस येरळेवर बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. त्याची खरी थोरवी भिंतीत नसून वाटणीत आहे. दोन्ही गावांतील प्रत्येक कुटुंबास पाण्याचा सारखा हक्क देण्याचे ठरले, मग जमीन किती आहे, किंवा आहे की नाही, हे पाहावयाचे नाही. सारख्या वाटणीचे उदाहरण अंकगणिताच्या तासास ह्याहून चांगले सापडणे कठीण.

अलीकडच्या काळात पाणी वर चढविण्याच्या मोठ्या योजना आल्या. टेंभू योजना कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलून खानापूर, आटपाडीकडे नेते. उरमोडीचे पाणी खटाव-माणकडे येते. परंतु भूगोलाच्या शिक्षकाने जिहे-कठापूर योजनेकडे विशेष लक्ष द्यावे. तीत कृष्णेचे पाणी बंधाऱ्याशी उचलून वर्धनगडाचा फाटा ओलांडून येरळेवरील नेर तलावात आणावयाचे, आणि तेथून बोगद्याने दुसऱ्या फाट्याखालून माणगंगेवरील आंधळी धरणात सोडावयाचे, अशी रचना आहे. म्हणजे कृष्णेच्या उतारावरचे पाणी भीमेच्या उतारावर. जे आढे पावसाने कधी ओलांडले नाही ते माणसाने खालून पोखरले. अर्थात पाणी चढविण्यास वीज लागते, विजेचे बिल येते, आणि शेवटच्या गावापर्यंत ते पोचते की नाही ही तक्रार अद्याप मिटलेली नाही. हेही मुलांपासून लपवू नये.

वर्गात करण्याजोगे काम थोडेच आहे. गावचा ओढा कोणत्या नदीस मिळतो, गावात येणारा रस्ता केव्हा व कोणत्या कामातून झाला, हे मुलांनी आजी-आजोबांस विचारून वहीत लिहावे. 1972 साली त्या रस्त्यावर खडी फोडलेली माणसे अजून गावोगाव आहेत. त्यांना शाळेत बोलवावे व मुलांसमोर बोलते करावे. तीन जिल्ह्यांचा जोडलेला नकाशा भिंतीवर लावून त्यावर आंधळीचा बोगदा तुटक रेघेने दाखवावा. आणि शिक्षकाने स्वतःसाठी एक वेगळे पान राखावे: दिवाळीपूर्वीचा पट किती, दिवाळीनंतर किती मुले ऊसतोडीला गेली, किती परत आली, आणि त्या वर्षी गावच्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटले. हे पान बदली झाल्यावर पुढच्या शिक्षकाच्या हाती द्यावे.