थकवा म्हणजे आळस नव्हे

घरात गोड बातमी कळली की पेढे वाटले जातात, नाव काय ठेवायचं याची चर्चा रंगते, डोहाळजेवणाचे बेतही ठरतात. पण ती मुलगी सकाळपासून मरगळलेली आहे, कणीक मळता मळता ओट्याला टेकून उभी राहते आहे, याची चर्चा फारशी होत नाही. झालीच तर अशी होते, ‘‘आमची नाही का चार बाळंतपणं झाली? शेवटच्या दिवसापर्यंत पाणी भरत होतो!’’ ती बिचारी ऐकते आणि पुन्हा कामाला लागते.

म्हणून आज सर्वांत आधी एक गोष्ट सांगते. गरोदरपणातला थकवा खरा असतो. पहिल्या तीन महिन्यांत पोट दिसतही नाही, त्यामुळे ‘आत्ताच कसला थकवा?’ असं घरच्यांना वाटतं. पण शरीरात खरी धांदल तेव्हाच सुरू झालेली असते. वार तयार होत असते. प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं, त्याने सारखी झोप येते. त्यातच मळमळ आणि उलट्या. पुढे शरीरातलं रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि हृदयाचं कामही वाढतं. चौथ्या महिन्यानंतर बहुतेकींना जरा हुशारी वाटते. सातव्यानंतर पोटाचं ओझं, पाठदुखी, रात्री लघवीला उठणं, यामुळे थकवा परत येतो.

या थकव्यावर औषध साधं आहे : विश्रांती. रात्री आठ तास आणि दुपारी तास-दोन तास आडवं व्हावं. आपल्याकडे दुपारच्या झोपेला वामकुक्षी म्हणतात. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. शेवटच्या महिन्यांत तर डाव्या कुशीवर झोपणंच चांगलं, कारण उताणं झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो. नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत पाय उंच ठेवून पंधरा मिनिटं तरी बसावं. जेवण एकदम पोटभर न घेता दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खावं. पाणी भरपूर प्यावं. आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर संध्याकाळी थोडं चालावं. त्याने झोप चांगली लागते.

पण श्रोतेहो, प्रत्येक थकवा विश्रांतीने जात नाही. भरपूर झोपूनही अंगात त्राण नाही, दोन जिने चढले की धाप लागते, जीभ आणि डोळ्यांच्या पापण्या आतून फिक्या दिसतात, माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते, तर तो रक्तक्षय असू शकतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या दर शंभर गर्भवतींपैकी ५२ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त! गरोदर स्त्रीचं हिमोग्लोबिन ११च्या खाली गेलं की तो रक्तक्षय, आणि ७च्या खाली गेलं की तो गंभीर. अशा स्त्रीला बाळंतपणात होणारा एरवीचा रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो. बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोकाही वाढतो. ‘आळशी आहे’ म्हणून ज्या थकव्याकडे आपण दुर्लक्ष केलं, तो असा महागात पडतो.

एका साध्या रक्ततपासणीत हे कळतं. दिवस गेल्याचं समजताच नाव नोंदवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. चौथ्या महिन्यापासून लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी रोज एक, किमान १८० दिवस घ्यायची. बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते. गोळीने शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळीने बाळ काळं होतं, ही समजूत मात्र साफ चुकीची आहे. मळमळ होत असेल तर गोळी रात्री झोपताना घ्या, पण बंद करू नका. चहा आणि कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत ती घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू यांनी ते चांगलं शोषलं जातं. पालेभाजीवर लिंबू पिळावं, जेवणानंतर लगेच चहा टाळावा. रक्त बरं असूनही थकवा हटत नसेल तर थायरॉइड आणि साखर तपासावी लागते. बसल्या जागी धाप, छातीत धडधड, चक्कर, चेहऱ्यावर सूज, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा अंगावरून रक्त जाणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नये, तडक दवाखाना गाठावा.

शेवटी दोन शब्द घरातल्या इतरांसाठी. ‘विश्रांती घे’ असं म्हणून कुणाला विश्रांती मिळत नाही. पाण्याची कळशी दुसऱ्या कुणी उचलली, रात्रीची भांडी दुसऱ्या कुणी घासली, तरच ती आडवी होऊ शकते. सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं खाण्याची रीत निदान हे नऊ महिने तरी मोडा, तिला आधी वाढा. तपासणीच्या दिवशी नवऱ्याने सोबत जावं आणि रक्ताचा आकडा स्वतः विचारून घ्यावा. सासूबाईंनी आपल्या वेळचे कष्ट जरूर सांगावेत, पण त्या वेळी आपल्याला काय हवं होतं तेही आठवून पाहावं. बहुधा तासभर झोप आणि कुणीतरी केलेला गरम स्वयंपाक, एवढंच हवं असेल. तेवढं सुनेला द्यावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)