दुर्मीळ रुग्ण आणि लिहून ठेवलेले ज्ञान

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शस्त्रवैद्यांना आढळलेल्या काही दुर्मीळ व विलक्षण रुग्णांविषयी मी आज बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. शस्त्रक्रिया कशी करावी हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु पूर्वी कधी न पाहिलेला रुग्ण समोर आला असता वैद्याने काय केले आणि त्यातून पुढच्या पिढीला काय मिळाले, हा विषय शिक्षणाचाच आहे.

विलक्षण आजार दिसला की आपण बहुधा दोनपैकी एक मार्ग धरतो. कोणी म्हणतो नजर लागली, कोणी म्हणतो करणी झाली. नाहीतर लोक काय म्हणतील या भीतीने ती गोष्ट घरातच दडपली जाते. दोन्ही मार्गांनी रुग्णाचे नुकसान होते आणि ज्ञानही वाया जाते. तिसरा मार्ग नीट पाहण्याचा, विचार करण्याचा आणि लिहून ठेवण्याचा. तो कसा असतो हे समजण्यासाठी आपण हजार वर्षे मागे, स्पेनमधील कुर्तुबा शहरी जाऊ.

कुर्तुब्याजवळच्या मदीनतुज्-जहरा येथे इ. स. ९३६ च्या सुमारास अबुल कासिम अल-जहरावी यांचा जन्म झाला. १०१३ च्या सुमारास ते निवर्तले. ‘अल-तसरीफ’ हा त्यांचा वैद्यकावरील ग्रंथ ३० भागांचा असून शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. त्यात सुमारे २०० उपकरणांच्या आकृत्या आहेत. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी तोलेदो येथे हा भाग लॅटिनमध्ये आणला आणि पुढे कित्येक शतके युरोपातील शस्त्रवैद्य त्यावरून शिकले. जहरावींचे नाव आपण सभांतून अभिमानाने घेतो. त्यांनी स्वतः पाहून लिहिलेल्या रुग्णांच्या हकिगती मात्र आपल्यापैकी थोड्यांनीच ऐकल्या असतील.

पहिली हकिगत एका स्त्रीची. तिच्या पोटात मूल दगावले होते. नंतर पुन्हा दिवस गेले, तेही मूल पोटातच गेले. पुष्कळ काळाने तिच्या बेंबीपाशी सूज आली, ती फुटली आणि पू वाहू लागला. जहरावींनी बरेच दिवस उपचार केले, पण जखम भरेना. एके दिवशी जखमेतून हाड बाहेर आले, काही दिवसांनी दुसरे आले. ते चकित झाले, कारण पोटाच्या त्या भागात हाड असतच नाही. मग त्यांनी विचार केला की ही हाडे मृत गर्भाचीच असली पाहिजेत. त्यांनी शोध घेऊन आणखी पुष्कळ हाडे काढली. थोडासा पू वाहत राहिला, तरी ती बाई पुढे दीर्घकाळ जगली. अशी दुर्मीळ घटना पुढच्या वैद्याच्या उपयोगी पडेल म्हणून आपण ती नोंदवीत आहोत, असा हेतूही त्यांनी तेथेच सांगितला आहे.

दुसरी हकिगत एका दासीची. तिने स्वतःच्या गळ्यावर सुरी चालवली होती. जहरावींना बोलावले तेव्हा जखमेतून श्वासाची हवा बाहेर पडत होती. त्यांनी तपासले तो रक्तस्राव थोडा होता, मोठी रक्तवाहिनी तुटलेली नव्हती, केवळ श्वासनलिका कापली गेली होती. त्यांनी तातडीने टाके घालून उपचार केले. आवाज काहीसा घोगरा राहिला, एवढे सोडता ती पूर्ण बरी झाली. प्राचीन वैद्यांनी गुदमरणाऱ्या रुग्णाची श्वासनलिका उघडण्याची क्रिया सांगितली होती, परंतु आपल्या देशात ती कोणी केल्याचे जहरावींना ठाऊक नव्हते. श्वासनलिकेची जखम भरून येते हे या मुलीमुळे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि ही क्रिया धोक्याची नाही असा निष्कर्ष लिहून ठेवला. एका दुर्दैवी मुलीची जखम अशी इतरांच्या श्वासासाठी धडा ठरली.

विद्यार्थी मित्रांनो, जहरावींनी केवळ यशाच्या गोष्टी लिहिल्या नाहीत. एका म्हाताऱ्याच्या मूत्राशयात फार मोठा खडा होता. खड्याचा आकार आणि रुग्णाची अवस्था पाहून त्यांनी शस्त्रक्रियेस नकार दिला. दुसऱ्या एका वैद्याने ती केली. खड्याबरोबर मूत्राशयाचा तुकडाही निघाला आणि म्हातारा काही दिवसांतच मरण पावला. अशा घटना सांगून जहरावी बजावतात की शरीररचनेचा अभ्यास केल्यावाचून कोणी शस्त्र हाती धरू नये. हाताचे कसब अभ्यासाच्या मागून येते.

आता पालकांसाठी विशेष महत्त्वाची गोष्ट. एका गावातील पुरुषांना जखम झाली की रक्त थांबतच नाही आणि त्यात ते दगावतात, असे याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात लिहिलेले आहे. आज आपण त्या रोगाला हिमोफिलिया म्हणतो. रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी एक घटक त्यात अपुरा असतो. १८०३ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे डॉ. जॉन ओटो यांनी अशा एका घराण्याची माहिती प्रसिद्ध केली. रोग पुरुषांना होतो आणि वरवर निरोगी असलेल्या स्त्रियांमार्फत तो पुढील पिढीत जातो, हे त्यांनी दाखवून दिले.

हा रोग दुर्मीळ आहे. जन्मणाऱ्या सुमारे ५,००० मुलांपैकी एकाला त्याचा नेहमी आढळणारा प्रकार होतो. परंतु आपल्या मुलांची खतना होते, आणि कित्येकदा हा रोग प्रथम त्याच वेळी उघड होतो. म्हणून मुलाच्या मामाला, मावसभावाला किंवा आईकडील कोणा पुरुषाला दात काढल्यावर, लहानशा जखमेनंतर रक्त थांबत नसे असे घरात ठाऊक असेल, तर खतना करण्यापूर्वी, दात काढण्यापूर्वी, कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी ते डॉक्टरांना अवश्य सांगा. रक्ताची तपासणी करता येते. कमी असलेला घटक इंजेक्शनने देता येतो. सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणाला हा रोग झालेला नसतो, म्हणून कुटुंबात कोणी नसले तरी रक्त थांबत नसल्यास वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

पुष्कळ घरांत हे सांगितले जात नाही. बहिणीचे लग्न अडेल, सुनेच्या माहेरला नावे ठेवतील, ही भीती असते. बंधु-भगिनींनो, यात त्या आईचा काहीही अपराध नाही. मात्र आपण गप्प बसलो आणि लेकराचे रक्त वाहत राहिले, तर ती जबाबदारी आपली ठरेल.

शेवटची हकिगत आपल्या पुण्याची. कावसजी नावाचा एक गाडीवान १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर होता. तो टिपू सुलतानच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिराने त्याला नवे नाक बसवले. त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा केला, तो कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ आखली, तेवढी कातडी सोडवली, दोन भुवयांमध्ये ती जोडलेली ठेवून खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. वर काताचा लेप दिला. कातडी रुजल्यावर, सुमारे पंचविसाव्या दिवशी, जोडाची पट्टी कापली. मुंबईच्या दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनी ही क्रिया पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये तिची हकिगत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने आधी प्रेतांवर सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये हीच क्रिया यशस्वी केली.

त्या लेखात कावसजीचे नाव आहे, कारागिराचे नाव नाही. एवढे मोठे कसब त्याच्या हातात होते, पण ते कागदावर उतरवले परक्यांनी. जहरावींनी आपले ज्ञान स्वतः लिहिले, म्हणून हजार वर्षांनी आपण त्यांच्याशी बोलू शकतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगवहीत जे दिसले तेच लिहा. पुस्तकातले उत्तर पाहून आकडे बदलू नका. जे अपेक्षेप्रमाणे घडले नाही, ते तर आवर्जून लिहा. आणि पालकांनो, आपल्या घराण्यातील आजारांची एक साधी वही ठेवा; कोणाला काय झाले, कोणत्या वयात झाले, कोणते औषध सोसले नाही. वही शाळेत शिकणाऱ्या मुलीच्या हाती द्या, ती सुवाच्य अक्षरात लिहील. डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्या. जहरावींचा वारसा सांगायचा, तर त्याची सुरुवात एवढ्यापासून करता येईल.