ताऱ्यातून तारेत

५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूल ऊर्जेच्या लेसर किरणांनी अणुसंमीलन घडवले गेले आणि त्यातून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा बाहेर पडली. जगभर आनंद झाला, तो रास्तच होता. पण ते लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती आणि मिळालेल्या ऊर्जेवर एक दिवाही लागला नाही. ऊर्जा मिळणे वेगळे आणि वीज मिळणे वेगळे. आज बोलायचे आहे ते या दुसऱ्या गोष्टीविषयी.

ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड भावंडे. त्यांच्या मीलनातून हेलियमचे केंद्रक आणि एक न्यूट्रॉन निघतो. ऊर्जेचे पाच वाटे केले, तर चार वाटे न्यूट्रॉन घेऊन जातो. त्याच्यावर विद्युतभार नसल्याने चुंबक त्याला अडवू शकत नाही. म्हणून भट्टीभोवती लिथियमयुक्त जाड आवरण घालायचे. न्यूट्रॉन त्यात अडकून उष्णता देतो, शिवाय लिथियमपासून नवे ट्रिटियमही तयार होते. पुढे काय? तेच जुने! पाणी, वाफ, टर्बाइन. चंद्रपूरला कोळसा पाणी उकळतो, तारापूरला युरेनियम. इथे न्यूट्रॉन उकळणार. या वाटेने उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होतो.

मग वाफेला फाटा देता येईल का? येईल, पण कण विद्युतभारित हवेत. वर फेकलेला चेंडू जसा मंदावतो, तसा धनभारित कण धन विद्युतक्षेत्राविरुद्ध जाताना मंदावतो आणि आपली ऊर्जा थेट विजेच्या रूपात देतो. लिव्हरमोरचेच रिचर्ड पोस्ट यांनी १९७०च्या दशकात या मार्गावर काम केले. दुसरी युक्ती अशी, की फुगणारा प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राला रेटतो आणि भोवतीच्या वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो.

अडचण इंधनाची आहे. हेलियम-३ पृथ्वीवर जवळजवळ नाहीच. बोरॉन मुबलक आहे, पण हायड्रोजनशी त्याचे संमीलन घडवायला कितीतरी पट जास्त तापमान लागते आणि तेवढ्यात बरीच ऊर्जा क्ष-किरणांवाटे निसटते.

फ्रान्समधील ‘ईटर’ प्रकल्पात भारत २००५ पासून भागीदार आहे. त्याचे अवाढव्य क्रायोस्टॅट गुजरातेतील हजिऱ्याला घडले. तिथे प्लाझ्माला ५० मेगावॉट देऊन ५०० मेगावॉट मिळवण्याचे उद्दिष्ट आहे. दहापट! पण ही सारी उष्णता. ‘ईटर’ला टर्बाइनच नाही. समजा तिची वीज केली, तर हाती येतील जेमतेम १७० मेगावॉट. प्लाझ्मात ५० मेगावॉट पोचवणाऱ्या यंत्रांना त्याहून बरीच जास्त वीज लागते; पंप आणि शीतगृह वेगळेच. त्यातून शेजारच्या गावाला द्यायला उरेल किती?

म्हणून यापुढे संमीलनाच्या यशाची बातमी वाचाल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा. सारा खर्च वजा जाता तारेत किती वीज उतरली? त्याचे उत्तर शून्याच्या वर जाईल, त्या दिवशी आपल्या घरातला दिवा खऱ्या अर्थाने सूर्याचा नातलग होईल.