प्रश्न विचारणारे संचालक मंडळ

१६ डिसेंबर २००८. हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या संचालक मंडळाने, अध्यक्षांच्याच कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली. मंडळात नामवंत प्राध्यापक होते, निवृत्त सनदी अधिकारी होते, तरी ठराव संमत झाला! गुंतवणूकदार खवळले, तेव्हा काही तासांतच तो मागे घ्यावा लागला. पुढे ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनी हिशेबातल्या घोटाळ्याची पत्राने कबुली दिली.

अशा मंडळात प्रश्न विचारणारे असावेत, यासाठी २०१३च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र, म्हणजे व्यवस्थापनाशी हितसंबंध नसलेले, असणे बंधनकारक केले. या स्वतंत्र संचालकांनी वर्षातून एकदा तरी व्यवस्थापनाला बाहेर ठेवून आपसांत बैठक घ्यायची. मला ही तरतूद फार मोलाची वाटते, कारण अध्यक्षांसमोर जे बोलायला जीभ अडखळते, ते तिथे मोकळेपणाने मांडता येते.

पण नुसती संख्या पुरत नाही. बैठकीची कागदपत्रे आधी वाचून येणारा, ताळेबंदातली न कळलेली रक्कम पुन्हा विचारणारा आणि पटले नाही तर आपला विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावणारा संचालक मंडळात हवा. भागधारकांनो, वार्षिक सभेत मत देताना उमेदवाराच्या पदव्यांबरोबर त्याची बैठकांमधली हजेरीही पाहा. ती वार्षिक अहवालात छापलेली असते.